जीपला दिलेलं आवतन

त्या वर्षी मी माहूरला जाणं सोडून दिलं होतं. लग्न होऊन उमरखेडला आले तेव्हापासून नवरात्रात रेणुकामातेच्या गडाच्या पायऱ्या चढल्या नाहीत, असं एकही वर्ष गेलं नव्हतं. मी काही फार सोवळ्याओवळ्याची बाई नाही, उपासही मला धड निभत नाहीत. पण आईच्या त्या शेंदरी मुखासमोर उभी राहिले की घरच्या माणसाशी बोलावं तसं मला तिच्याशी बोलता येत असे. मग नागपूरच्या डॉक्टरांनी सरांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू असल्याचं सांगितलं. बाजूची नजर बरीचशी गेलेली होती. गेलेली परत येत नाही, उरलेली औषधांनी जपायची, ती किती पुरेल हे कोणी सांगू शकत नाही, असं ते अगदी शांतपणे म्हणाले. त्याच आठवड्यात मी गडावर गेले आणि पदर पसरून सरांचे डोळे मागितले. पुढच्या तपासणीत नजर आणखी आक्रसलेली निघाली. बरं तर, मी मनात म्हटलं, तुला जमत नसेल तर माझं मी बघते. त्या दिवसापासून आईशी माझी बोलाचाल बंद झाली.

सर म्हणजे माझा नवरा. सगळं उमरखेड त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही सरच म्हणते. लग्नानंतर सुरुवातीला थट्टेनं म्हणत होते, ते तसंच राहून गेलं. आयुष्यभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. हिमालयाचा धडा आला की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा खिडकीशी कान लावत, असं त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगतात. बर्फाच्या नद्या कशा सरकतात, डोंगराचे थर पिळलेल्या पातळासारखे कसे दुमडतात, हे ते खडूनं फळ्यावर असं काढत की पाहणाऱ्याला थंडी वाजावी. आणि या माणसानं आयुष्यात माहूरच्या डोंगराहून उंच काही पाहिलेलं नव्हतं. आधी बहिणींची लग्नं, मग मुलाचं शिक्षण, मग सासूबाईंचं आजारपण. हिमालय आपला दर वर्षी पुढच्या वर्षावर जात राहिला. डॉक्टरांकडून परतताना बसमध्ये ते मला एवढंच म्हणाले, "बर्फाचा डोंगर तेवढा पाह्याचा राहून गेला वं." तक्रार नव्हती त्यात. पण मला ते वाक्य छातीत रुतून बसलं. नजर जायच्या आत या माणसाला बर्फाचा डोंगर दाखवायचा, एवढं एकच त्या दिवसापासून माझ्या डोक्यात राहिलं.

मुलगा पुण्याहून म्हणाला, आई, एखाद्या सहलीवाल्याबरोबर जा, सगळी व्यवस्था ते बघतात. त्याला कसं समजावू? सरांची नजर म्हणजे तोवर एक फट राहिली होती. समोरचं नीट दिसे, आजूबाजूचं काहीच नाही. गर्दीत लोक त्यांना धडकत आणि उलट त्यांनाच रागावत. धावत्या बसच्या खिडकीतून त्यांना डोंगराचा एक तुकडा दिसणार, तोही पाहू म्हणेपर्यंत मागे जाणार. त्यांना डोंगर पाहायचा तर डोंगरासमोर बसायला हवं, उजाडताना, सावकाश, मान या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत. त्यासाठी हवं तिथे थांबणारी आपली गाडी हवी, आणि जिथे थांबू तिथे टाकायला तंबू. शिवाय तिकडचे रस्ते ओढ्यानाल्यांतून, दगडगोट्यांतून जातात, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी गाडीच लागणार. हा सगळा विचार मी एका रात्रीत केला आणि सकाळी चहाच्या वेळी सरांना सांगितला. सरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "चालवन कोण?"

"मी," मी म्हटलं.

मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, नोकरी करते, आणि कापसाचा हंगाम सुरू झाला की तिथं श्वास घ्यायला फुरसत नसते. इतक्या गाड्या, इतके हमाल, इतके व्यापारी हाताळले, मग एक जीप काय मोठी? जुनी, पण दणकट अशी फोर बाय फोर आम्ही घेतली. जिनिंगच्या ड्रायव्हरकडून मी सडकेवर चालवायला शिकले, आणि खरी शिकले ती फुलसावंगीला, आमच्या सासऱ्यांच्या शेतात. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात जो गाडी चालवू शकतो, तो कुठेही चालवू शकेल असं माझं आजही मत आहे. चिखलासाठी एक वेगळा हळू गिअर असतो. तो टाकला की गाडी माणसाच्या चालीनं, पण हट्टानं पुढे सरकते. मी रुतायची, फावड्यानं चाकाखालचा चिखल काढायची, पुन्हा रुतायची. मामाजी, म्हणजे माझे सासरे, बांधावर बसून मजा पाहत. "सूनबाई, वखरणी चांगली जमली," असं एकदा ओरडून म्हणाले. त्यांची सोयाबीनची एक अख्खी ओळ मी त्या दिवशी आडवी केली होती, पण त्याबद्दल ते एका शब्दानं बोलले नाहीत.

तो सगळा उन्हाळा आणि पावसाळा माझा तयारीत गेला. हिमाचलात किन्नौरच्या बाजूनं चढायचं, म्हणजे उंची हळूहळू वाढते आणि सरांना विरळ हवेचा त्रास होणार नाही. पुढे स्पितीत उतरायचं, आणि मोठी खिंड बर्फानं बंद व्हायच्या आत मनालीच्या बाजूनं बाहेर पडायचं. कुठल्या मुक्कामाला पाणी आहे, कुठे डिझेल मिळतं, कुठल्या डोंगरावर ऊन किती वाजता पडतं, सगळं मला तोंडपाठ झालं होतं. जेवणाच्या टेबलावर कायम नकाशा पसरलेला असे आणि सर बिचारे ताट मांडीवर घेऊन जेवत. भाजलेलं पीठ, जवसाची चटणी, गॅसची शेगडी, हवा भरायचा पंप, गाडी ओढून काढायचा पट्टा, एकेक वस्तू मी तीनतीनदा बांधून पाहिली. पाण्याची जास्तीची टाकी ठेवायला गाडीच्या मागच्या बाजूला खालून एक लोखंडी पट्टी मी स्वतः बसवली, बोल्ट आवळून. त्या पट्टीचा मला भारी अभिमान होता. शेजारणी विचारत, "काय वं, देवीले नवस बोलली का?" मी म्हणायची, नवस नाही, नियोजन. आता लिहिताना जाणवतं की त्या शब्दात माझा आईवरचा सगळा राग भरलेला होता.

निघायचा दिवस माझ्या रजेप्रमाणे ठरला तो नेमका पोळ्याचा निघाला. त्याआधी जिनिंगमधून सुटका नव्हती, त्यानंतर खिंडीत बर्फाची भीती होती. आदल्या दिवशी आम्ही फुलसावंगीला मामाजींचा निरोप घ्यायला गेलो. मुक्काम करायचा आणि पोळ्याच्या सकाळी उजाडताच नागपूरच्या रस्त्याला लागायचं, असा बेत होता. पाऊस भुरभुरत होता म्हणून मी गाडी सरळ गोठ्यात, बैलांच्या शेजारी लावली. बैलांच्या म्हणजे बैलाच्या. ढवळ्या आणि पाखऱ्या अशी मामाजींची जोडी होती, त्यांतला पाखऱ्या उन्हाळ्यात गेला. त्याची जागा मोकळीच होती. तिथे माझी जीप बरोबर मावली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून दुखावलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची, पळसाच्या पानानं हळूहळू शेकायचं, आणि बैलाच्या कानाशी वाकून म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आवतन म्हणजे जेवणाचं आमंत्रण. ते एकदा दिलं की दुसऱ्या दिवशी बैल घरचा पाहुणा. त्याला पुरणपोळी जेवू घालायची आणि त्या दिवशी त्याच्या मानेवर काही म्हणजे काही ठेवायचं नाही. मामाजींनी ढवळ्याचे खांदे शेकले. पाखऱ्या गेल्यानंतरचा हा पहिलाच पोळा होता. ढवळ्याला आवतन देऊन झालं आणि मामाजी तूप-हळदीची वाटी घेऊन, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, दोन पावलं उजवीकडे सरकले. हात पुढे गेला, जीपच्या पुढच्या चाकावरच्या पत्र्याला तूप-हळद लागली आणि तोंडातून शब्द निघून गेले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मग ते थबकले. हात तसाच पत्र्यावर होता. आम्ही दोघं दारात उभे होतो, आणि हसावं की काय करावं ते मला कळेना. सर पुढे झाले आणि वडिलांच्या हातातली वाटी त्यांनी काढून घेतली. मामाजी घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

सकाळी मी किल्ली हातात घेऊन निघाले तर मामाजी गाडीच्या पुढे खाट टाकून बसलेले. मला वाटलं निरोप द्यायला बसलेत. मी पाया पडले. ते म्हणाले, "आज जाता नाही यायचं, सूनबाई. आवतन देल्लं म्या त्याले. उपाशी कसं जाऊ देऊ?"

"मामाजी, ते गाडी हाय. बैल नाही."

"असन. पण तोंडातून निघून गेलं ना. बोलावलेला पाहुना हाय तो आता. पोयाच्या दिवशी त्याच्या मानेवर दोघं बसून जासान, मंग म्या पोया कायचा केला?"

माझं डोकं फिरलं. मी त्यांना खिंडीचं सांगितलं, बर्फाचं सांगितलं, रजेचं सांगितलं, ठरलेल्या मुक्कामांचं सांगितलं. आवाज चढला माझा. त्यांच्या मुलाची नजर दिवसागणिक चालली आहे आणि ते एका लोखंडाच्या डब्याला पुरण खाऊ घालायला बसलेत, असंही मी बोलून गेले. मामाजी ऐकून घेत होते. सगळं झाल्यावर म्हणाले, "हिमालय काय उद्या उठून चालला, बाई? काहून एवढी घाई करून राह्यली?" मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "राहू दे ना वं एक दिवस. बाबाचा शब्द हाय." त्यांनी माझी बाजू घेतली नाही याचा मला इतका संताप आला की मी किल्ली खाटेवर टाकली आणि स्वयंपाकघरात जाऊन पुरण वाटायला घेतलं. ते पुरण चांगलंच बारीक झालं होतं.

दिवसभर मी कोणाशी धड बोलले नाही. पण स्वयंपाकघराच्या दारातून सगळं दिसत, ऐकू येत होतं. अंगणात सर ढवळ्याला आंघोळ घालत होते. त्याची शिंगं रंगवताना ते एका शिंगाच्या बुडापासून टोकापर्यंत नजर नेत, मग मान वळवून दुसरं शिंग शोधत. मामाजींनी जीपला बेगडाची माळ घातली, बॉनेटवर हळदी-कुंकू वाहिलं आणि केळीच्या पानावर पुरणपोळीचा नैवेद्य ठेवून, डोळे मिटून हात जोडले. गल्लीतली माणसं येऊन हसून गेली. एका बाईनं विचारलं, "तूप कितीक वाढलं पावन्याले?" सर मोठ्यानं हसले. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं, आणि खोटं कशाला लिहू, त्याचाही मला रागच आला. मी इतकी धडपडत होते आणि हा माणूस गोठ्यात खुश होता.

तिसऱ्या प्रहरी बैल निघाले. पोळा भरतो तो मारुतीच्या देवळापुढच्या पटांगणात. तिथे आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली सगळ्यांचे बैल रांगेत उभे राहतात. मामाजी ढवळ्याचा कासरा धरून निघाले आणि मला म्हणाले, "त्यालेही घेऊन या तोरनाखाली. एकटा कसा जाईन ढवळ्या? तोरनाखाली आननं काही वझं नाही. पण बैलाच्या चालीनं आनजा. आज पयवाचं नाही त्याले." आता वाद घालायची ताकद माझ्यात उरली नव्हती. सर शेजारी बसले. बैलाच्या चालीनं जायचं म्हणून मी तो चिखलाचा हळू गिअर टाकला.

आमच्या घरापासून देवळापर्यंत उताराची वाट आहे. एका अंगाला घरं, दुसऱ्या अंगाला शेणखताचे ढीग, आणि खाली पटांगणात बैल, बाया, कडेवरची लेकरं, सगळं गाव. झडत्यांचा, म्हणजे पोळ्याला म्हणायच्या गाण्यांचा, आणि हर बोला हर हर महादेवचा गजर चालला होता. उताराच्या मध्यावर ढवळ्या थांबला, म्हणून मी ब्रेकवर पाय दिला. पाय सरळ खाली गेला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. पायाखाली काही नव्हतंच. गाडी ढवळ्याच्या आणि मामाजींच्या पाठीमागून सरकत होती, सावकाश, पण सरकत होती. माझ्या तोंडून "आई" एवढंच निघालं. एवढे महिने जिच्याशी बोलत नव्हते, तिलाच हाक गेली. मी सगळा जोर लावून चाक वळवलं, गाडी शेणखताच्या ढिगात शिरली, हँडब्रेक ओढला, आणि ती थांबली. बेगडाची माळ तुटून शेणावर पडली. कोणाला खरचटलंही नाही. मागे वळून मामाजी म्हणाले, "जेवन जास्त झालं वाटते त्याले." सगळे हसले. माझे हात मात्र स्टिअरिंगवरून निघेनात. सरांनी एकेक बोट सोडवून ते आपल्या हातात घेतले.

दुसऱ्या दिवशी उमरखेडहून मेकॅनिक आला आणि गाडीखाली शिरला. बराच वेळ त्याचे पायच तेवढे दिसत होते. मग आतूनच त्यानं विचारलं, "ताई, मांगची हे पट्टी कोनं बसवली?"

"म्या."

"ब्रेकच्या पाइपाले घासून राह्यली हे. घासून घासून पाइप फाटला."

पाण्याच्या टाकीसाठी मी बसवलेली तीच ती पट्टी. दर खड्ड्यागणिक ती पाइप घासत होती, आणि मी तीनतीनदा सगळं तपासताना एवढी एक जागा तपासली नव्हती. तो पाइप नागपूरच्या रस्त्यावर भरधाव गाडीत फुटला असता, किंवा किन्नौरच्या एखाद्या वळणावर, जिथे एका बाजूला नदी पार खाली दिसते. किंवा फुटलाही नसता. काही दिवस आणखी टिकला असता आणि वाटेत कोणाच्या तरी ध्यानात आला असता. मेकॅनिक म्हणाला, आज ना उद्या जाणारच होता. मी यावर वाद घालत नाही. एवढंच लिहिते की तो त्या दिवशी गेला, बैलाच्या चालीनं जाताना, शेणखताच्या ढिगाशेजारी. आणि त्या दिवशी मी तिथे होते याचं कारण माझ्या कुठल्याही नियोजनात नव्हतं. पाखऱ्याच्या आठवणीनं एका म्हाताऱ्या माणसाचा हात दोन पावलं उजवीकडे गेला होता, एवढंच ते कारण होतं.

मेकॅनिक गेल्यावर मी मामाजींच्या पुढ्यात जाऊन बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "चहा करतं का?" मी चहा केला. त्यांच्या कपात साखर दोनदा पडली, तो चहा त्यांनी मुकाट्यानं पिऊन टाकला.

ब्रेकचं सामान नागपूरहून यायला बरेच दिवस लागले. माझी रजा वितळत होती. स्पितीपर्यंत जाऊन खिंडीतून उतरण्याचा बेत आता बसेना, आणि नवा आखायला मन होईना. टेबलावरचा नकाशा मी गुंडाळून ठेवला. त्या रिकाम्या दिवसांत एका सकाळी सरांना म्हटलं, "माहूरले जाऊ." एसटीनं गेलो. पायऱ्या चढताना मी सरांचा हात धरला होता आणि दर पायरीला सांगत होते, आता उंच आहे, आता वळण आहे. गाभाऱ्यापुढे आले आणि नेहमीप्रमाणे मागायला तोंड उघडलं, तर मागता येईना. डोळे मागू? डोंगर मागू? रस्ता मागू? काय मागितलं म्हणजे बरोबर मागितलं, हेच मला कळत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, आई, मी दमले. न्यायचं असेल तर तू ने, ठेवायचं असेल तर ठेव. आणि रडले. मागच्या बाया ढकलत होत्या, तरी रडले. उतरताना किती हलकं वाटत होतं ते मला अजून आठवतं. माझं असं काही पूर्ण झालेलं नव्हतं, उलट बरंच हातचं गेलं होतं, तरीही वाटत होतं.

गाडी दुरुस्त झाली तेव्हा रजेचे थोडेच दिवस उरले होते. सर म्हणाले, "जिथवर जाता येईन तिथवर जाऊ, मंग वापस येऊ." आम्ही निघालो. ती पट्टी काढून टाकली होती. पाण्याच्या बाटल्या सरांनी पायांशी घेतल्या. किन्नौरला पोचलो तोवर पुढे जाण्याइतका वेळ राहिला नव्हता, आणि मी हेरून ठेवलेली तंबूची जागा दरड कोसळल्यानं बंद होती. संध्याकाळ होत आली होती. वळण्यासाठी मी गाडी एका सफरचंदाच्या बागेच्या फाटकाशी घेतली आणि सर पाय मोकळे करायला उतरले, तर बागेतून पाठीवर टोपली घेतलेली एक बाई बाहेर आली. तिनं आमच्याकडे पाहिलं, सरांच्या चाचपडणाऱ्या पावलांकडे पाहिलं, आणि काही न विचारता फाटक उघडलं. बागेच्या टोकाला एक सपाट गवताळ जागा होती. तिथे तंबू टाका म्हणाली. समोर डोंगर आहे का, मी विचारलं. ती हसली. "है तो बहुत बड़ा. पर बादल हटेगा तब ना." समोर दाट पांढरं धुकं होतं, दुसरं काही नाही.

दुसरा दिवस ढगातच गेला. तिसराही. पूर्वीची मी असते तर गाडी काढून वीस ठिकाणं पालथी घातली असती. त्या दोन दिवसांत आम्ही त्या बाईबरोबर सफरचंदं पेट्यांत भरली, तिनं दिलेला खारट चहा प्यालो, तिला जवसाची चटणी दिली. सर तिला मोडक्या हिंदीत समोर न दिसणाऱ्या डोंगराचा भूगोल समजावून सांगत होते आणि ती, जन्मापासून त्या डोंगरासमोर राहिलेली, मान डोलावून ऐकत होती. डोंगर नाही दिसला तर? हा विचार माझ्या मनात आला, थोडा वेळ बसला आणि गेला. मला वाटलं, नाही तर नाही. सर बरोबर आहेत, धड आहेत, हसतात. आई, एवढं पुष्कळ झालं, असं मी खरोखरच म्हटलं.

निघायच्या दिवशी सकाळी जाग आली तर सर अंथरुणात नव्हते. घाबरून बाहेर आले. ते घडीच्या खुर्चीत बसले होते, खांद्यावर घोंगडी, आणि त्यांच्यासमोर, मान पार मागे टाकावी लागेल इतका उंच, बर्फाचा डोंगर उभा होता. ढगाचा मागमूस नव्हता. शिखरावर नुकतं ऊन आलं होतं. सर एका टोकापासून सुरुवात करून हळूहळू मान फिरवत होते, थांबत होते, थोडे मागे येत होते, पुन्हा पुढे जात होते. ओठ हलत होते. बहुधा वर्गात सांगायचे तेच सगळं ते स्वतःला सांगत असावेत. गाल ओले होते. मी जवळ गेले आणि सवयीनं सुरू झाले, "उजवीकडे बघा, तिकडे आणखी एक शिखर आहे, त्याच्या खाली..."

"थांब," ते म्हणाले. "काही सांगू नको आता. बस इथं." मी गवतावर बसले. "इतके दिवस तू रस्ता पाह्यला, गाडी पाह्यली, माहे पाय कुठी पडते ते पाह्यलं. डोंगर पाह्यला का तू?"

पाहिला नव्हता. त्यांना दाखवायचा होता, एवढंच माझ्या मनात होतं. मीही पाहायला आले आहे हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी मान वर केली. ते सगळंच्या सगळं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकाच वेळी माझ्या डोळ्यांत आलं.

"साराच एकदम दिसते का तुले?" सरांनी विचारलं.

"दिसते."

"मंग माह्या वाटचाही पाह्य."

मी पाहिलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. आईची आठवण झाली, हात जोडले गेले, आणि मागण्यासारखं काही आठवेना.